दुपारची बॅच नव्हतीच

नमस्कार ताई,

मी ४६ वर्षांची आहे, लालबागला राहते. आमच्या चाळीचा पुनर्विकास झाला आणि आता एकाच कंपाउंडमध्ये दोन इमारती आहेत. एक आम्हा जुन्या भाडेकरूंची रिहॅब, दुसरी विक्रीची. विक्रीच्या इमारतीतल्या हॉलमध्ये मी गेली सहा वर्षं सकाळी सहा ते सात योगाचा क्लास घेते. बावीस जणी येतात, महिना ९०० रुपये. यजमानांची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली ती पुन्हा नीट लागली नाही. घर बरंचसं या क्लासवरच चालतं.

गेल्या वर्षी २१ जूनचा योग दिवस झाला, त्यानंतर रिहॅबमधल्या पोळीवाल्या मावशींनी क्लासला नाव घातलं. वय माझ्याहून चारपाच वर्षांनी कमीच असेल. माझ्या क्लासमधल्या दोघींकडे त्या पोळ्या करतात, सातला पहिलं घर गाठतात. फी पूर्ण भरली. क्लासच्या मॅट आम्ही वर्गणीतून घेतलेल्या आहेत. दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मॅट शेअर करायला बरं वाटत नाही, हायजीनचा प्रश्न आहे. मी मावशींना मागे दाराजवळ सतरंजी घालून दिली. नवव्या दिवशी अधोमुख श्वानासनात, म्हणजे हात-पाय जमिनीवर टेकून कंबर वर उचलताना, सतरंजी टाइल्सवरून सरकली आणि त्या गुडघ्यांवर आपटल्या. काही जणी हसल्या. मी म्हणाले, 'मावशी, आधी वजन थोडं उतरवा, मग ही आसनं.' काळजीनेच बोलले. नंतर त्यांना एकटीला गाठून म्हटलं, 'तुम्ही दुपारच्या बॅचला या, तिथे सोपं घेते.' तशी बॅच नव्हती, सुरू करायचं मनात होतं. त्या परत आल्या नाहीत.

दोन महिन्यांनी क्लासच्या ग्रुपवर एका २४ वर्षांच्या मुलीने लिहिलं, 'ताई, आपण रोज सह नाववतु म्हणतो. त्यातलं मा विद्विषावहै, म्हणजे आपण एकमेकांचा द्वेष करू नये, हे नक्की कोणासाठी असतं? मावशींना का घालवलंत?' मी अ‍ॅडमिन म्हणून तो मेसेज डिलीट केला. तिने ग्रुप सोडला, क्लासही सोडला. तेव्हापासून मला झोप नाही. मी चाळीत वाढलेली, गिरणी कामगाराची मुलगी. मी भेदभाव करणाऱ्यातली नाही. योग सर्वांसाठी आहे हेच मी शिकवते. आता वाटतं, मावशींना क्लासमध्ये बोलावून सगळ्यांसमोर माफी मागावी. पण मग बायका सोडून जातील का? आणि मावशींनी माफ केलंच नाही तर?

– एक योगशिक्षिका

प्रिय ताई,

तुमचं पत्र हाताने लिहिलेलं होतं, पाच पानांचं. छापण्यासाठी मी ते आवरलं आणि त्यातली नावं काढली. बँकेतल्या बाईंचं नाव होतं, डॉक्टरांच्या पत्नीचं होतं, ग्रुपवर लिहिणाऱ्या मुलीचं होतं, हॉलची किल्ली ठेवणाऱ्या वॉचमनचंसुद्धा होतं. जिच्यामुळे तुमची झोप गेली तिचं नाव मात्र मला काढावं लागलं नाही. पाच पानांत ते कुठेच नव्हतं. तुमच्याहून लहान असलेल्या बाईला तुम्ही आणि तुमचा सगळा क्लास मावशी म्हणता. आपल्या मुंबईत हा शब्द मान देण्यासाठीच वापरला जातो, मीही वापरत आले आहे. तरी त्या हॉलमध्ये बाकी सगळ्यांना नाव आहे आणि एकीला फक्त तिचं काम आहे. मी या उत्तरात त्यांना 'त्या' म्हणेन.

पत्रात तुम्ही दोन वेळा लिहिलंत की मी चाळीत वाढले. मला ते वाचून तुमच्याबद्दल राग आला नाही, वाईट वाटलं. कारण चाळीत वाढलेल्या मुलीला दाराजवळच्या सतरंजीचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तुम्ही अगदी लहान असाल. त्या वर्षांत किती घरं बायकांनी पोळ्या लाटून आणि डबे करून तगवली, हे तुमच्या आईने तुम्हाला नक्की सांगितलं असेल. त्याआधीही गिरणगावात खाणावळवाल्या बायांच्या हातचं जेवून पाळीला जाणारे कामगार कमी नव्हते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अशाच बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते तुमच्याच परिसरात. पोळ्या करणाऱ्या बाईने ज्या भागाला उभं ठेवलं, त्या भागात तिला आज मॅट मिळाली नाही. तुम्ही तिथल्याच आहात म्हणून तुमचं चुकणं माफ होत नाही. उलट तुम्हाला त्या क्षणी सगळं कळत होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

म्हणून 'भेदभाव करणाऱ्यातली मी नाही' हे वाक्य सोडून द्या. ते खरं की खोटं हे ठरवण्यात तुमचे आणखी सहा महिने जातील, आणि तेवढा वेळ सगळं लक्ष तुमच्याकडेच राहील. तुम्ही काय केलंत ते मोजता येतं. सतरंजी दिलीत. ती टाइल्सवर सरकते हे सहा वर्षं क्लास घेणाऱ्या शिक्षिकेला ठाऊक असतं. त्या पडल्यावर हात देण्याआधी वजनाचा विषय काढलात. नसलेल्या बॅचला पाठवलंत. जिने विचारलं तिचा प्रश्न पुसून टाकलात. या पाच गोष्टींचं उत्तर तुम्हाला द्यायचं आहे.

मॅटबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळं तिथून सुरू झालं. 'हायजीन' हा शब्द ऐकला की मला आपल्या स्वयंपाकघरांतला वेगळा कप आठवतो, फळीवर एका कडेला पालथा घातलेला. जातीचा शब्द आजकाल आपण तोंडातून काढत नाही. त्याच्या जागी हायजीन म्हणतो, कंफर्ट म्हणतो, 'बरं वाटत नाही' म्हणतो. ज्या हातांनी मळलेल्या कणकेच्या पोळ्या त्या दोघी रोज खातात, त्याच हातांखालची मॅट त्यांना नको झाली. यात स्वच्छतेचा प्रश्न कुठे आहे, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत. स्वच्छतेचा खरा प्रश्न असता तर तो सगळ्या मॅटना लागू झाला असता. घाम काय बँकेतल्या बाईंना येत नाही?

तुम्ही यम-नियम शिकवता असं लिहिलंत. मग पतंजलींच्या योगसूत्रांतल्या दुसऱ्या पादातलं, म्हणजे भागातलं, एकतिसावं सूत्र काढून बघा. अहिंसा, सत्य वगैरे पाच यम सांगून झाल्यावर लगेच पतंजली म्हणतात, 'जातिदेशकालसमयानवच्छिन्नाः सार्वभौमा महाव्रतम्'. जात, जागा, वेळ आणि प्रसंग यांची मर्यादा ज्यांना पडत नाही, तेच यम महाव्रत ठरतात. व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, यावर दिलेलं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. एक मासेमार म्हणतो, मी फक्त माशांना मारीन, बाकी कोणाला इजा करणार नाही. कोणी म्हणतो, तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही. कोणी म्हणतो, चतुर्दशीला मारणार नाही. हे सगळे आपापल्या परीने अहिंसा पाळतातच, पण प्रत्येकाने तिला कुंपण घातलेलं आहे. ताई, तुमची अहिंसा सकाळी सहाला प्रार्थनेपासून सुरू होत होती आणि मागच्या ओळीच्या अलीकडे थांबत होती.

आणि 'योग सर्वांसाठी' हे वाक्य आपल्याला आयतं मिळालेलं नाही. योगेंद्रजींनी १९१८ च्या डिसेंबरमध्ये वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढून शिकवायला सुरुवात केली, तीच संस्था आज सांताक्रूझला आहे. संसारी माणसाला योग शिकवायचा, ही गोष्ट तेव्हा अनेकांच्या पचनी पडणारी नव्हती. त्यांच्या पत्नी सीतादेवी स्वतः बायकांना शिकवत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, पुढे मरीन ड्राइव्हला त्याचं केंद्र आलं. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार पुण्याहून मुंबईला येऊन शिकवत. लहानपणी क्षय, टायफॉइड, मलेरिया सोसलेला तो माणूस. अशक्त शरीराला आसनात शिरता येत नाही हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी खुर्ची आणली, पट्टा आणला, वीट आणली, भिंतीला दोर लावले. त्यांच्या परंपरेची मोठी शाळा तुमच्या घरापासून लांब नाही, लोअर परळला आहे. हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात तर सरळ यादीच आहे: तरुण, म्हातारा, अतिवृद्ध, आजारी, दुर्बळ, कोणीही आळस सोडून अभ्यास केला तर त्याला सिद्धी मिळते. वजनाची अट त्यात नाही.

जुने ग्रंथ सगळ्या बाबतीत उदार होते असा माझा दावा नाही. बहुतेकांनी साधक पुरुषच धरलेला आहे, आणि तुम्ही-मी आज शिकवतो याचं श्रेय त्यानंतर दार ढकलणाऱ्या बायकांना आहे. म्हणूनच आपण दाराशी सतरंजी घालायची नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला, का ते पुढे कळेल.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी दादरला क्लास घ्यायचे. एक तिशीची मुलगी यायची, अबोल. बद्धकोणासनात, म्हणजे तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडून बसताना, तिचे गुडघे वर राहायचे. एके दिवशी मी तिच्या मागे बसले आणि न विचारता दोन्ही गुडघे खाली दाबले. तिचं अंग आखडलं. मी म्हणाले, 'श्वास सोड, शरीराला विरोध करू देऊ नकोस.' दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मला वाटलं, चिकाटी नाही. चार वर्षांनी संध्याकाळच्या ठाणे लोकलमध्ये, लेडीज डब्यात, ती माझ्यासमोर बसलेली होती. मीच विचारलं, का गं सोडलंस? ती शांतपणे म्हणाली, 'माझ्या अंगाला हात लावताना आजवर कुणीच विचारलं नव्हतं. वाटलं होतं, निदान तुमच्याकडे तरी विचारतील.'

मला रडू फुटलं. भर डब्यात. आणि मग काय झालं, तर दादर ते ठाणे ती मुलगी माझी समजूत काढत राहिली. 'तुमचा हेतू वाईट नव्हता', 'मी आता ठीक आहे', 'तुम्ही मनाला लावून घेऊ नका'. जिला मी दुखावलं तिलाच मी कामाला लावलं होतं. उतरताना तिने माझा हात दाबला आणि मला हलकं वाटलं. तिला काय वाटलं ते मी विचारलंही नाही.

पुढे मी ही गोष्ट शिक्षकांच्या शिबिरांत सांगू लागले. लोक डोळे पुसायचे, माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक करायचे. दोन वर्षांनी एका तरुण शिक्षिकेने विचारलं, 'हे तुम्ही सांगता, ते तिला चालतं का?' मी गप्प झाले. तेव्हापासून सांगणं बंद केलं. पुढे तिला गाठून परवानगी घेतली, तिने 'ओळख पटेल असं काही नको' एवढं बजावून हो म्हटलं, म्हणून आज इथे लिहिते आहे.

तुमच्या जाहीर माफीच्या बेताकडे मी या अनुभवातून बघते. त्या बाईला पुन्हा त्याच हॉलमध्ये बोलवायचं, हसलेल्या बायकांसमोर उभं करायचं, आणि तुम्ही हात जोडायचे. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. ती 'राहू द्या ताई, झालं ते झालं' म्हणेल, दुसरं काय म्हणू शकेल? क्लासला पाझर फुटेल, तुम्हाला त्या रात्री झोप लागेल.

त्याहून गंभीर गोष्ट पत्रात तुम्हीच लिहिली आहे आणि तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. त्यांच्या पोळ्यांची दोन घरं तुमच्या क्लासमध्ये आहेत, आणि मॅटबद्दल कुजबुजणाऱ्यांत त्या दोघी होत्या असं तुम्ही दुसऱ्या पानावर सुचवता. सगळ्यांसमोर त्यांच्या मालकिणींची चूक निघाली तर उद्या सकाळी दार कोणाच्या तोंडावर बंद होईल? घरकाम करणाऱ्या बाईला काढायला नोटीस लागत नाही. 'उद्यापासून येऊ नका' एवढं पुरतं. तुमच्या प्रायश्चित्ताची किंमत त्यांच्या पगारातून जाता कामा नये. म्हणून आधी त्यांना विचारायचं, आणि त्या 'कुणाला काही बोलू नका' म्हणाल्या तर ते पाळायचं.

माफी एकटीने, त्यांच्या सोयीच्या ठिकाणी मागा. आधी फोन करा. त्या ज्या घरांत काम करतात तिथे किंवा जिन्यात गाठू नका. मिठाईचा बॉक्स नको, मंत्र नको, सूत्र तर मुळीच नको. फीचे ९०० रुपये परत करा. त्या नऊ दिवस आल्या म्हणून नऊ दिवसांचे पैसे कापू नका. आणि साध्या मराठीत सांगा: 'तुम्हाला मॅट द्यायला हवी होती, मी दिली नाही. सतरंजी सरकते हे मला माहीत होतं. तुम्ही पडलात तेव्हा मी हात दिला नाही, सगळ्यांसमोर तुमच्या वजनावर बोलले. दुपारची बॅच नव्हती, मी खोटं बोलले. माझं चुकलं.' यात 'पण' येऊ देऊ नका. 'काळजीने बोलले' येऊ देऊ नका. बायकांनी आग्रह केला, हेही नको. तो आग्रह तुम्ही मानलात म्हणून सतरंजी आली. गुडघे कसे आहेत ते विचारा, आणि दुखणं उरलं असेल तर डॉक्टरचा खर्च मी देते असं स्पष्ट सांगा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, मात्र त्यांच्यासमोर कोसळू नका. दहा मिनिटांत उठा.

त्यांनी माफ केलं नाही तर, असं विचारलंत. तर नाही केलं. तो त्यांचा अधिकार आहे. त्या रागावतील, किंवा दारातूनच परत पाठवतील, किंवा हसून विषय बदलतील आणि तुम्हाला कधीच कळणार नाही की त्यांच्या मनात काय आहे. ते न कळता पुढची कामं करायची आहेत. त्या क्लासला परत याव्यात अशी अट मनातही धरू नका. 'परत या' असं एकदाच म्हणा, जागा आहे एवढं सांगा, आणि सोडून द्या.

त्या मुलीचा मेसेज पुसलात, ते मला सतरंजीइतकंच खुपलं. ग्रुपवर आता 'अ‍ॅडमिनने डिलीट केला' एवढी ओळ उरली असेल आणि ती बावीस जणींनी वाचली असेल. त्यांना समजलं की इथे प्रश्न विचारायचा नसतो. ताई, योगाच्या जगात मोठमोठ्या घरांत हेच घडलेलं आहे. मैसूरचे अष्टांग योगाचे गुरू के. पट्टाभी जोइस यांनी आसन सुधारताना अयोग्य स्पर्श केला असं त्यांच्या कितीतरी शिष्या सांगत होत्या. ऐकणारे 'गुरूंबद्दल असं बोलू नये' म्हणत राहिले. २००९ मध्ये ते वारले. त्यांचे नातू शरथ जोइस यांनी २०१९ मध्ये जाहीर मान्य केलं की आजोबांचं असं वागणं त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आणि माफी मागितली. तोवर गुरूंना जाऊन दहा वर्षं झाली होती. तुमची चूक त्या प्रकारची नाही, तशी तुलना मी करत नाही. पण गप्प बसवण्याची सवय एका मेसेजपासूनच लागते, म्हणून लिहिलं. आपल्यासारख्या छोट्या क्लासमध्ये तर गुरू तुम्ही, फी घेणाऱ्या तुम्ही, अ‍ॅडमिनही तुम्हीच. तुमच्याबद्दलची तक्रार घेऊन कोणी जायचं कुठे?

त्या मुलीला फोन करा आणि एवढंच सांगा की तू विचारलंस ते बरोबर होतं, मी पुसायला नको होतं. ती परत यावी म्हणून गळ घालू नका. ग्रुपवर लिहा: 'ऑगस्टमध्ये इथे विचारलेला एक प्रश्न मी काढून टाकला. ती माझी चूक होती. प्रश्न योग्य होता.' पोळ्या करणाऱ्या बाईंचा उल्लेख त्यात येऊ देऊ नका. मग क्लासमधल्याच दोघींना, त्यांतली एक रिहॅबमधली असू दे, तक्रारी ऐकायचं काम द्या. तुमच्याबद्दलच्या तक्रारी सर्वांत आधी. लैंगिक छळाचा प्रश्न असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी माणसं काम करत असलेल्या ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. लालबाग मुंबई शहर जिल्ह्यात येतं. ही माहिती हॉलच्या फलकावर लावून ठेवा. गरज पडली नाही तर उत्तमच.

हॉलमधले बदल या आठवड्यातच करा, माफी मागून होईपर्यंत थांबू नका. मॅट सगळ्यांच्या, जी हाती येईल ती. क्लास संपला की प्रत्येकीने आपल्या खालची ओल्या फडक्याने पुसायची आणि येताना घरून एक सुती चादर आणायची, ती मॅटवर शवासनासाठी. ज्यांना स्वतःचीच मॅट हवी त्यांनी खुशाल आणावी. सतरंजी घडी घालून कपाटात. ओळी रोज फिरवा, आज पुढे असलेली उद्या मागे. अधोमुख श्वानासन ज्यांना जमिनीवर झेपत नाही त्यांना भिंतीला हात टेकवून द्या किंवा खुर्चीवर. हॉलच्या प्लास्टिकच्या खुर्च्या टाइल्सवर सरकतात, तेव्हा खुर्ची मॅटवर आणि पाठ भिंतीला. वजन हा शब्द वर्षभर तोंडातून काढू नका. कोणी स्वतः विचारलं तर वेगळं बोला, एकटीशी. हात लावण्याआधी दर वेळी विचारा. ज्यांना नको आहे पण बोलायचा संकोच वाटतो, त्यांनी मॅटच्या कोपऱ्यावर रुमाल ठेवायचा, म्हणजे त्या दिवशी हात लावायचा नाही. मी गेली वीस वर्षं हे करते आणि काही जणींचा रुमाल तीन-तीन वर्षं हलत नाही. त्या येतात, नीट करतात, जातात. तुमच्याकडे बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती शेजारणी असतील, निदान रिहॅबमध्ये तरी. प्रार्थना म्हणायची सक्ती नाही, शांत बसलं तरी चालेल, हे पहिल्याच दिवशी सांगत जा.

पैशांची भीती मी हलक्यात घेत नाही. पाच जणी गेल्या तर महिन्याला साडेचार हजार जातील, तो घरातला किराणा आहे. यजमानांना आधी सांगा, हा निर्णय घरात दोघांचा असू दे. मॅटचा नवा नियम ऐकून कोणी कुरकुर केली आणि 'त्यांच्यामुळेच ना हे?' असं विचारलं, तर खरं तेच सांगा: 'नाही, माझ्या चुकीमुळे.' कोणी गेलीच तर जाऊ द्या, मागे लागू नका. आणि दुपारची बॅच खरोखर सुरू करा. गिरणगावात सकाळी सातला घराबाहेर पडणाऱ्या आणि दुपारी दोन ते साडेचार मोकळ्या असणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांना दुपारीच जमतं. रिहॅबची गच्ची उन्हामुळे नको, सोसायटीचं ऑफिस किंवा एखाद्या मंडळाची खोली बघा. फी किती परवडेल ते त्यांनाच विचारा. या बॅचला कोणाला 'पाठवायचं' मात्र नाही. ज्यांना सकाळी सहा सोयीचं आहे त्या सकाळी सहाला येतील, हॉलमध्ये, पुढच्या ओळीत.

या सगळ्याने तुमच्यात बदल झाला की नाही, हे तुम्ही लगेच तपासायला बसू नका. मला माझ्या बाबतीत ते अजून नीट सांगता येत नाही. एवढं मात्र जाणवतं की आता क्लासमध्ये कोणी एकदम यायचं थांबलं तर 'चिकाटी नाही' हे माझ्या मनात पहिल्यांदा येत नाही. मी फोन करते. विचारते की माझ्याकडून काही झालं का, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहते. कधी उत्तर साधं असतं, मुलाची परीक्षा, सासूचं ऑपरेशन. कधी नसतं.

उद्या क्लास झाला की फीची वही काढा. जून-जुलैच्या पानावर, ९०० च्या आकड्यापुढे, त्यांचं नाव तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असेल. शेजारी फोन नंबरही असेल. दुपारी दोननंतर लावा, त्याआधी त्या कामावर असतात.